घोरणाऱ्यांचं मशीन आणि नाकाला मानवणारा मास्क

स्लीप ॲप्नियाचं, म्हणजे झोपेत श्वास अडण्याच्या आजाराचं निदान झालेल्या बऱ्याच घरांत सीपॅप, म्हणजे मास्कवाटे दाबाने हवा देणारं मशीन असतं, आणि त्यातल्या बऱ्याच घरांत ते कपाटावर असतं. पैसे भरलेले असतात, डॉक्टरांची चिठ्ठी फाइलला लावलेली असते, बॅगेची चेनही अजून कोरी करकरीत असते. फक्त रात्री ते कुणी लावत नाही. का, म्हणून विचारलं तर उत्तरं ठरलेली: गुदमरल्यासारखं होतं, नाकावर वळ उठतात, तोंडाला कोरड पडते. या तक्रारी खऱ्याच आहेत. पण त्यातल्या बहुतेक मशीनच्या नसतात, मास्कच्या असतात. लोक मशीनसाठी चार दुकानं फिरतात आणि मास्क मात्र सोबत येईल तो घेतात. क्रम उलटा हवा.

घशात काय होतं

झोप लागली की घशाचे स्नायू सैल पडतात. काहींची घशातली वाट मुळातच अरुंद असते. मानेभोवती चरबी, मागे असलेली हनुवटी, वाढलेले टॉन्सिल, अशी कारणं वेगवेगळी. जीभ मागे कलते, वाट बंद होते. छाती हवा ओढायला झटत राहते, पण हवा आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकतो, मोठा घुरका घेऊन श्वास सुरू होतो आणि माणूस पुन्हा झोपतो. सकाळी त्याला यातलं काही आठवत नाही. आठवतं ते शेजारी झोपलेल्याला.

श्वास १० सेकंद किंवा जास्त थांबला की तो एक ॲप्निया. पूर्ण न थांबता बराच कमी झाला आणि ऑक्सिजन उतरला, तर तेही मोजतात. दोन्ही मिळून तासाला किती वेळा, तो आकडा म्हणजे एएचआय. ५ च्या आत ठीक, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, त्यापुढे तीव्र. तासाला ३० म्हणजे रात्रभर सरासरी दर दोन मिनिटांनी एक घुसमट. मग दुपारची पेंग, स्टिअरिंगवर मिटणारे डोळे, सकाळी जड डोकं आणि औषधं घेऊनही न उतरणारा रक्तदाब यांचं नवल वाटायला नको.

हा गोऱ्या लोकांचा आजार, हा समज मुंबईतच खोटा ठरला. छातीविकारतज्ज्ञ डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्यमवयीन शहरी पुरुषांची पाहणी २००४ मध्ये प्रसिद्ध केली. त्यात झोपेतला श्वासाचा अडथळा १९.५ टक्क्यांत आढळला, आणि दिवसाच्या पेंगेसह पूर्ण आजार ७.५ टक्क्यांत. २०२२ च्या फेब्रुवारीत संगीतकार बप्पी लाहिरी जुहूच्या रुग्णालयात वारले, तेव्हा डॉक्टरांनी मृत्यूच्या कारणांत हाच आजार सांगितला होता.

सिडनीत सुरुवात

१९८० पर्यंत तीव्र रुग्णासाठी एकच खात्रीचा उपाय होता. गळ्याला भोक पाडायचं, म्हणजे ट्रेकिऑस्टॉमी. सिडनीचे डॉ. कॉलिन सलिवन यांनी त्याऐवजी नाकावाटे दाबाने हवा सोडून पाहिली. व्हॅक्यूम क्लीनरची मोटर हवा फेकायला वापरली, रुग्णाच्या नाकाच्या साच्यावर मास्क घडवला आणि तो सिलिकॉनने चेहऱ्याला चिकटवला. ‘लॅन्सेट’मध्ये १९८१ साली पाच रुग्णांवरचा हा शोधनिबंध आला. रोज रात्री चेहऱ्याला चिकटवायचा आणि सकाळी सोलून काढायचा मास्क, तरी ती माणसं तो लावत होती. चांगली झोप मिळाल्यावर माणूस काय काय सोसतो, ते यावरून कळतं.

आजच्या सीपॅपचं तत्त्वही तेच आहे. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा असली की ती चपटी होत नाही. घशातही हवेचा हलका दाब राहिला की वाट मिटत नाही. हा दाब पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये मोजतात आणि घरगुती मशीन ४ ते २० च्या दरम्यान चालतं. १० सेंटिमीटर म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम एक टक्का. मशीन ऑक्सिजन देत नाही, खोलीतलीच हवा गाळून देतं. आणि ‘एकदा लावलं की सवय लागते, मग सुटत नाही’ या भीतीत तथ्य नाही. चष्मा काढला की धूसर दिसतं, पण त्याने डोळे बिघडलेले नसतात. इथेही मशीन काढलं की मूळ आजार परत दिसतो, इतकंच.

आधी मास्क

दुकानात पन्नास मॉडेलं दिसली तरी जाती मोजक्याच. नेझल पिलो म्हणजे नाकपुड्यांच्या तोंडाशी टेकणारी सिलिकॉनची दोन मऊ बोंडं. चेहऱ्यावर जवळजवळ काहीच नसतं, चष्मा लावून वाचता येतं, दाढीमिशी आड येत नाही. दाब फार जास्त असेल तर मात्र नाकपुड्या चुरचुरतात. नेझल मास्क पूर्ण नाक झाकतो. दाब पसरून लागतो, त्यामुळे जास्त दाबालाही सोसतो, पण नाकाच्या दांड्यावर वळ उठू शकतो. या दोहोंच्या मधला एक प्रकार नाकाखाली पाळण्यासारखा बसतो आणि दांड्याला शिवतच नाही. चौथा फुल फेस. तो नाक आणि तोंड दोन्ही झाकतो.

‘मी तोंडाने श्वास घेतो’ एवढं ऐकून कुणी थेट फुल फेस पुढे केला, तर जरा थांबा. फुल फेस मास्कची कड लांब, म्हणून गळतीच्या जागाही जास्त. त्याचे पट्टे आवळले की जबडा मागे रेटला जातो, आणि मागे गेलेला जबडा हेच तर मूळ दुखणं. काहींना त्यामुळे दाबही वाढवावा लागतो. अमेरिकेतल्या झोपविकारतज्ज्ञांच्या अकादमीने २०१९ च्या मार्गदर्शनात सर्वसाधारणपणे नाकाच्या मास्कलाच पसंती दिली आहे. कित्येक जण तोंडाने श्वास घेतात ते नाक चोंदलेलं असतं म्हणून, किंवा झोपेत घुसमट होते म्हणून. ॲलर्जीवर उपचार झाले, घुसमट थांबली, की तोंड आपोआप मिटतं. नाकाचं हाड फारच वाकडं असेल किंवा नाक कायम बंद असेल, तर फुल फेसला पर्याय नाही, आणि तो नीट बसला तर उत्तम चालतो.

आता एक धोक्याची गोष्ट. घरच्या सीपॅपचा मास्क ‘व्हेंटेड’ असावा लागतो. त्याच्या पुढच्या भागाला बारीक भोकं असतात आणि सोडलेला श्वास तिथून बाहेर जातो. ही गळती मुद्दाम ठेवलेली असते. ‘सूं सूं आवाज येतो’ म्हणून त्या भोकांवर चिकटपट्टी लावणारे महाभाग असतात; आपलाच कार्बन डायऑक्साइड आपण परत ओढतोय, हे त्यांच्या लक्षात येत नाही. रुग्णालयातल्या व्हेंटिलेटरचे काही मास्क बिनभोकांचे असतात, बहुधा निळ्या कोपराचे. कोविडनंतर कुणाकडे असा शिल्लक असेल तर तो घरच्या मशीनला जोडू नये.

आणि वीज गेली तर? नाकाचा मास्क असेल तर तोंड मोकळंच असतं. फुल फेसमध्ये दाब पडला की आपोआप उघडणारी झडप असते. मास्कमुळे माणूस गुदमरत नाही, फार तर घोरणं आणि मूळ त्रास परत येतो.

मापून पाहताना

मास्क उभं राहून आरशात बघून घेऊ नये. दुकानात पलंग किंवा लांब बाक आहे का, ते विचारावं. आडवं व्हावं, आपण ज्या कुशीवर झोपतो त्या कुशीवर वळावं, मशीन आपल्या दाबावर सुरू करायला सांगावं आणि दहा-पंधरा मिनिटं तसंच पडावं. आडवं झाल्यावर गालांचं मांस सरकतं आणि उभ्याने घट्ट बसलेला मास्क फुसफुसू लागतो. पट्टेही हवा सुरू असतानाच बसवायचे, कारण सिलिकॉनची कड आत हवा भरली की फुगून चेहऱ्याला लागते. आवळून तिला चिरडलं तर गळती वाढते. आणखी आवळलं की वळ, मग जखम. पट्ट्याखाली एक बोट सहज जायला हवं. एवढ्यावरही गळत असेल तर माप चुकलंय. मोठाच घ्यावा असं काही नाही, बऱ्याचदा एक आकार लहान घेतला की काम होतं.

कवळी असणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं. रात्री कवळी काढून झोपत असाल तर मास्कही कवळी काढूनच बघा. गाल आत गेले की चेहऱ्याचं मापच बदलतं. दुकानात चारचौघांत कवळी काढायला संकोच वाटतो खरा, पण त्यात मास्कचे पैसे वाचतात. भरघोस मिशीवर नेझल मास्कची खालची कड टेकत नाही, तिथे पिलो बरा. नाकात चमकी किंवा मोरणी असेल तर रात्री काढून ठेवावी लागते. ज्यांना ती काढायची नाही, त्यांनी नाकाखाली बसणारा प्रकार दुकानातच लावून बघावा. लांब केसांच्या बायकांना डोक्यामागच्या पट्ट्याचा जाच होतो. अंबाडा घालून झोपलं की पट्टा वर सरकतो, सैल वेणी सोयीची. काही मास्कांची नळी नाकासमोर न येता डोक्यावरून जाते. रात्रभर कूस बदलणाऱ्यांना ती सुखाची वाटते.

झोपण्याआधी चेहरा साबणाने धुवावा. क्रीम आणि डोक्याचं खोबरेल तेल सिलिकॉनला लागलं की ते निसटतं आणि लवकर बिघडतं. सकाळी उशी, म्हणजे चेहऱ्याला लागणारा भाग, कोमट पाणी आणि सौम्य साबणाने धुवून सावलीत वाळवायची. डेटॉल, स्पिरिट, उकळतं पाणी यातलं काही नको. ही उशी काही महिन्यांत कडक किंवा पिवळट होते आणि कालपर्यंत नीट बसणारा मास्क गळायला लागतो. तेव्हा पूर्ण मास्क बदलायची गरज नसते. पुष्कळ मॉडेलांची नुसती उशी वेगळी मिळते. ती मिळते की नाही, हे खरेदीच्या वेळीच विचारावं.

काही मास्कांच्या पट्ट्यांना चुंबकाचे बंद असतात. पेसमेकर, मेंदूतली धातूची क्लिप किंवा शरीरात बसवलेलं असं काही असेल, रुग्णाच्या किंवा त्याच बिछान्यात झोपणाऱ्याच्या, तर असा मास्क टाळावा. २०२२ आणि २०२३ मध्ये मोठ्या कंपन्यांनी स्वतःच याबद्दल इशारे काढले आहेत.

मशीन

साधं सीपॅप रात्रभर एकच दाब देतं. ऑटो मशीन दिलेल्या मर्यादेत दाब कमी-जास्त करतं. पाठीवर झोपल्यावर वाढवतं, कुशीवर उतरवतं. बायपॅप श्वास घेताना जास्त आणि सोडताना कमी दाब देतं. खूप दाब लागणारे, सीपॅपवर श्वास सोडणं जमत नसलेले किंवा फुप्फुसांचा नाहीतर अतिलठ्ठपणाचा वेगळा त्रास असलेले, यांच्यासाठी ते आहे. यातलं काय हवं ते स्लीप स्टडी, म्हणजे झोपेची तपासणी बघून डॉक्टर ठरवतात. बायपॅप महाग आहे, म्हणून ते जास्त चांगलं, असं काही नाही.

आरामाच्या दृष्टीने दोन सोयी नक्की बघाव्यात. एक रॅम्प: सुरुवातीला दाब कमी ठेवून पाऊण तासापर्यंत हळूहळू चढवणारी. दुसरी, श्वास सोडताना दाब १ ते ३ सेंटिमीटरने उतरवणारी. पहिल्या रात्री ‘श्वास सोडताच येत नाही’ म्हणणाऱ्या निम्म्या लोकांच्या मशीनमध्ये ही दुसरी सोय बंद असते, असा माझा संशय आहे. रॅम्पचा अतिरेकही बरा नाही. ४ पासून सुरुवात केली तर काहींना हवाच कमी पडते आणि घुसमट होते, ती जास्त दाबाची समजली जाते. सुरुवात ६ वर आणली की बरं वाटतं. हे सेटिंग विक्रेत्याच्या नव्हे, डॉक्टरांच्या सल्ल्याने बदलावं.

विकत घेण्याआधी भाड्याने मिळतं का, हे विचारावं. मोठ्या शहरांत मिळतं. केंद्र सरकारी नोकरांना आणि निवृत्तांना सीजीएचएसमधून पूर्वपरवानगीने प्रतिपूर्ती मिळू शकते. खासगी विम्याचं मात्र पॉलिसी वाचूनच ठरवावं लागतं.

पाणी

हवा दमट करणाऱ्या ह्युमिडिफायरच्या टाकीत डिस्टिल्ड पाणी घालावं. बोअरच्या पाण्याने टाकीच्या तळाला पांढरा थर बसतो. आरओचं पाणी त्यापेक्षा बरं, पण तेही क्षारमुक्त नसतं. पेट्रोल पंपावर मिळणारं बॅटरीचं पाणी नको, ते श्वासात जाण्यासाठी बनवलेलं नसतं. रोज उरलेलं पाणी ओतून टाकी कोरडी करायची.

दमटपणा किती ठेवायचा, ते गाव आणि ऋतू यावर आहे. रत्नागिरीत किंवा पणजीत आषाढात तो जवळजवळ लागतच नाही, नागपूरच्या मे महिन्यात वर न्यावा लागतो. एसीच्या थंड खोलीत उबदार दमट हवा नळीत गार होते, पाणी साचून गुळगुळ वाजतं आणि पहाटे नाकावर थेंब पडतो. अशा वेळी दमटपणा थोडा उतरवावा किंवा नळीला सुती कापडाची खोळ शिवावी, जुन्या साडीची चालते. तापणारी नळी मिळाली तर प्रश्नच मिटतो. मशीन डोक्याखालच्या उशीच्या पातळीपेक्षा खाली ठेवलं तर साचलेलं पाणी उलट परत जातं. मात्र अगदी जमिनीवर, कासवछाप अगरबत्तीशेजारी ठेवू नये, कारण फिल्टरसमोर जे असेल तेच ते ओढणार.

वीज आणि प्रवास

मशीनची मोटर फार वीज खात नाही, खातो तो ह्युमिडिफायर. इन्व्हर्टरवर रात्र काढायची असेल तर तो बंद ठेवावा. प्रवासात मशीन हातातल्या सामानात, टाकी पूर्ण रिकामी करून आणि डॉक्टरांच्या पत्रासह न्यावं. रेल्वेत एक अडचण आहे. डब्यातले चार्जिंगचे पॉइंट अनेक गाड्यांत रात्री बंद ठेवतात, त्यांच्या भरवशावर राहू नये. वारंवार प्रवास असेल तर वेगळी बॅटरी घ्यावी लागते.

पहिले आठवडे

पहिल्याच रात्री सात तास लावायचा हट्ट बरा नव्हे. ज्यांना मास्कची धास्ती वाटते, त्यांनी आधी तो नळीशिवाय लावून संध्याकाळी टीव्ही बघावा. मग हवा सुरू करून जागेपणी बसावं, मग दुपारची डुलकी. अमेरिकेत मेडिकेअर या सरकारी विम्याची अट अशी की, सलग ३० दिवसांपैकी किमान ७० टक्के रात्री चार तास मशीन वापरलेलं असलं पाहिजे. ही अट आपल्याला लागू नाही आणि चार तास हे उद्दिष्टही नाही. स्वप्नांच्या झोपेचा टप्पा पहाटे जास्त असतो आणि अनेकांची घुसमट तेव्हाच सर्वांत वाईट असते. पहाटे तीनला मास्क काढून ठेवणाऱ्याची नेमकी तीच झोप उघडी पडते.

तक्रार आली की तिचं मूळ शोधावं. सकाळी तोंडाला कोरड म्हणजे बहुधा तोंडावाटे गळती: नाक मोकळं करा, दमटपणा वाढवा, नाही जमलं तर हनुवटीचा पट्टा किंवा फुल फेस. डोळे लाल आणि कोरडे असतील तर मास्कच्या वरच्या कडेने हवा जातेय. पोट फुगतं, ढेकरा येतात, तेव्हा हवा गिळली जातेय. दाबाचा फेरविचार डॉक्टरांकडून करून घ्या. नाक वाहणं किंवा चोंदणं पहिल्या दिवसांत होतं. सलाइनचे थेंब चालतात, पण नाक झटकन मोकळं करणारे औषधी थेंब रोज घेऊ नयेत, त्यांनीच नाक पुढे जास्त बंद होतं.

जुनं मशीन

कोविडनंतर वापरलेली मशीनं बाजारात पुष्कळ आली. स्वस्त मिळतात, पण २०२१ च्या जूनमध्ये फिलिप्सने आपली लाखो मशीनं जगभरातून परत मागवली, हे विसरू नये. आवाज कमी करण्यासाठी आत घातलेला फोम झिजून त्याचे कण श्वासात जाण्याचा धोका होता. जुनं घ्यायचंच तर मॉडेल आणि सिरीयल नंबर कंपनीकडे तपासून घ्यावा आणि किती तास चाललंय ते मशीनवरच बघावं. मास्क, नळी, फिल्टर मात्र नवेच. ओझोनने मशीन निर्जंतुक करणाऱ्या पेट्याही विकतात. घरच्या वापराला साबण-पाणी पुरतं, आणि ओझोनमुळे हाच फोम लवकर झिजतो असं आढळलं आहे.

आकडे आणि पुढचं

बहुतेक मशीनं सकाळी तीन गोष्टी सांगतात: किती तास लावलं, किती गळलं, उरलेला एएचआय किती. शेवटचा आकडा ५ च्या आत असावा. तो चांगला असूनही दिवसा पेंग येत असेल, तर दुसरं कारण शोधावं लागतं. तो वाढला तर आधी गळती बघावी. गळती नसताना वाढला तर मशीनमधलं नोंदींचं कार्ड किंवा ॲप घेऊन डॉक्टरांकडे जावं, कारण थोड्या जणांत मशीन सुरू केल्यावर वेगळ्या प्रकारचे, मेंदूच्या आदेशातल्या खंडामुळे होणारे ॲप्निया दिसू लागतात आणि त्यावर नुसता दाब वाढवून उपयोग होत नाही.

वजन बरंच उतरलं तर दाब कमी लागतो, कधी मशीन सुटतंही. टिर्झेपटाइड या इंजेक्शनला अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये लठ्ठपणासोबतच्या मध्यम ते तीव्र ॲप्नियासाठी मान्यता मिळाली आहे. पण बायको म्हणते आता घोरत नाही, एवढ्यावर मशीन बंद करू नये. फेरतपासणी करून घ्यावी.

कुठलीही शस्त्रक्रिया ठरली, अगदी मोतीबिंदूची किंवा दाताची असली आणि त्यात झोपेचं औषध देणार असतील, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना ॲप्नियाबद्दल आधी सांगावं. गुंगीत घशाचे स्नायू आणखी सैल पडतात आणि पहिली रात्र जोखमीची असते. रुग्णालयात मशीन मिळेल, पण आपल्या चेहऱ्याचा मास्क तिथे नसतो. तो आणि मशीन दोन्ही घरूनच न्यावं, आणि बॅगेत पहिल्यांदा तेच भरावं.